बारावीचे गाव आणि प्रवेशाचे राज्य

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली, दुसऱ्या सरफोजी राजांच्या काळात, भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरला गेला. सतराव्या शतकाच्या शेवटच्या चरणात व्यंकोजी राजांबरोबर व त्यांच्यामागून जी कुटुंबे या भागात स्थिरावली, त्यांच्या वंशजांच्या घरी तमिळ वळणाची मराठी अजून बोलली जाते. या जुन्या वस्तीत अलीकडच्या काळात आणखी एका प्रकारच्या मराठी कुटुंबाची भर पडते. बँका, विमा कंपन्या, रेल्वे आणि केंद्र सरकारच्या कार्यालयांतून दोन-तीन वर्षांच्या बदलीवर आलेली ही कुटुंबे.

या दोन घरांतील दोन मुले तंजावरच्या एकाच शाळेतून बारावी झाली, असे समजू. एकाचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी आले, दुसऱ्याचे वडील दोन वर्षांपूर्वी नागपूरहून बदलून आले. नामांकित सरकारी शिक्षणसंस्थेत प्रवेश मागताना या दोघांपैकी ‘राज्यातला’ कोण आणि ‘परराज्यातला’ कोण? या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही. ते संस्थेगणिक बदलते आणि अनेक पालकांना ते उशिरा, म्हणजे अर्ज भरण्याच्या वेळी कळते.

तंजावरहून तिरुचिरापल्लीकडे जाणाऱ्या रस्त्यावर तुवाकुडी येथे राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था, म्हणजे एन.आय.टी., आहे. १९६४ साली प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून तिची स्थापना झाली आणि २००३ साली तिला सध्याचे नाव मिळाले. देशातील एन.आय.टीं.च्या क्रमवारीत ती अनेक वर्षे अग्रस्थानी राहिली आहे. नागपूरचे विश्वेश्वरय्या महाविद्यालय याच योजनेतून १९६० साली उभे राहिले. ही महाविद्यालये केंद्र व राज्य यांच्या भागीदारीतून निघाली; त्यामुळे निम्म्या जागा यजमान राज्याला व निम्म्या इतरांना, अशी वाटणी आरंभापासून होती. एन.आय.टी.मध्ये ती आजही ‘होम स्टेट’ आणि ‘अदर स्टेट’ या नावांनी चालू आहे.

येथे ‘होम स्टेट’ या शब्दाने पुष्कळांची फसगत होते. त्याचा जन्मस्थानाशी, मातृभाषेशी किंवा वडिलोपार्जित घराशी संबंध नाही. जे.ई.ई. मुख्य परीक्षेच्या अर्जात उमेदवाराचा पात्रता-राज्याचा संकेतांक भरावा लागतो आणि तो ठरतो बारावीची परीक्षा ज्या राज्यातून दिली त्यावरून. अधिवासाचा दाखला येथे विचारात घेतला जात नाही. म्हणून वर कल्पिलेली दोन्ही मुले या संस्थेच्या दृष्टीने तमिळनाडूचीच. नागपूरहून आलेल्या मुलाला तिरुचिरापल्लीत गृहराज्याच्या जागा खुल्या होतात. त्याच वेळी नागपूरच्या एन.आय.टी.त, म्हणजे त्याच्या जुन्या घरापासून हाकेच्या अंतरावर, तो परराज्यातला ठरतो. आणि एक विद्यार्थी आपल्या राज्याच्या संस्थेत दोन्ही याद्यांत उभा राहू शकत नाही. गृहराज्याचा उमेदवार गृहराज्याच्याच जागांसाठी धरला जातो.

नकाशावरचे अंतर येथे निरुपयोगी आहे, याचे उत्तम उदाहरण तंजावरजवळच सापडते. कारैकाल हे चारही अंगांनी तमिळनाडू आणि समुद्र यांच्यामध्ये वसलेले गाव. पण ते पुदुच्चेरी या केंद्रशासित प्रदेशात मोडते. तेथील एन.आय.टी.त तंजावरचा विद्यार्थी ‘अदर स्टेट’च असतो.

आता शक्यतेचा विचार. निम्म्या जागा बाहेरच्यांना आहेत, म्हणजे बाहेरच्याला निम्मी संधी आहे, असा हिशेब कोणी केला तर तो चुकेल. एखाद्या शाखेत १०० जागा असल्या तर ५० जागांसाठी एका राज्यातील विद्यार्थी स्पर्धा करतात आणि उरलेल्या ५० जागांसाठी बाकी सर्व राज्ये मिळून. संस्था जितकी नामांकित, तितका हा फरक तीव्र. तिरुचिरापल्लीच्या संगणकशास्त्रासारख्या शाखेत इतर राज्यांची यादी गृहराज्याच्या यादीपेक्षा बऱ्याच वरच्या क्रमांकावर बंद होते. उलट, फारशी मागणी नसलेल्या संस्थांत दोन याद्यांतील अंतर कमी असते, क्वचित उलटेही असते. म्हणून ‘परराज्यातून प्रवेश अवघड’ असे सरसकट विधान करण्यात अर्थ नाही. कोणती संस्था आणि कोणती शाखा, हे आधी विचारावे.

हा अंदाज बांधण्याचे साधन विनामूल्य उपलब्ध आहे. एन.आय.टी. व आय.आय.टी. यांचे एकत्रित जागावाटप करणारे ‘जोसा’ हे प्राधिकरण प्रत्येक फेरीचे पहिले व शेवटचे क्रमांक प्रसिद्ध करते. ते वाचताना चार गोष्टींची गल्लत होते. पहिल्या फेरीचा आकडा पाहून निराश होणे किंवा निश्चिंत होणे, दोन्ही व्यर्थ. शेवटच्या फेरीचा आकडा पाहावा. राखीव प्रवर्गांपुढे छापलेला क्रमांक त्या प्रवर्गातील असतो, सर्वसाधारण यादीतील नव्हे. मुलींसाठी २०१८ पासून स्वतंत्र जादा जागा आहेत, त्यांची ओळ वेगळी असते आणि मुलीच्या पालकांनी दोन्ही ओळी पाहिल्या पाहिजेत. आणि एका वर्षाच्या आकड्यावर विसंबू नये; तीन-चार वर्षांचे आकडे शेजारी शेजारी लिहिले की कल दिसतो. खासगी वर्गांच्या जाहिरातींतील ‘अपेक्षित क्रमांक’ यापेक्षा अधिक काही सांगत नाहीत.

अभियांत्रिकीपुरता विचार केला तर बदलीवर आलेल्या कुटुंबाचे फारसे नुकसान होत नाही, प्रसंगी लाभच होतो. महाराष्ट्राच्या राज्य प्रवेशप्रक्रियेतही एक दार त्यांच्यासाठी उघडे असते. दहावी-बारावी राज्याबाहेर झाली असली, तरी उमेदवाराकडे किंवा आई-वडिलांपैकी एकाकडे महाराष्ट्राचे अधिवास प्रमाणपत्र असेल तर त्याची पात्रता ‘प्रकार ब’खाली धरली जाते. ‘प्रकार ई’ तर मातृभाषेवरच आधारलेला आहे. परंतु तो महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातील मराठी विद्यार्थ्यांसाठी आहे. तंजावरच्या मराठी घरातील मुलाला त्याचा उपयोग नाही, आणि तीन शतके मराठी टिकवून धरणाऱ्या या समाजाला हे थोडे विचित्र वाटले तर नवल नाही.

तमिळनाडूच्या राज्य प्रक्रियेत दोन मुलांमधला फरक उघड होतो. अण्णा विद्यापीठाच्या व इतर महाविद्यालयांच्या अभियांत्रिकी जागा तेथे २००७ पासून प्रवेशपरीक्षेविना, बारावीच्या गुणांवर भरल्या जातात. पहिला मुलगा ‘नेटिव्हिटी’चा दाखला सहज मिळवतो. दुसऱ्याची आठवी ते बारावी ही वर्षे त्या राज्यात झालेली नसतील, तर केवळ शेवटच्या दोन वर्षांच्या बळावर तो तेथील रहिवासी ठरत नाही.

खरी अडचण वैद्यकीय शिक्षणात आहे. तंजावरचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय हे राज्याचे महाविद्यालय. अशा महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात ‘नीट’च्या गुणांवर भरल्या जातात व ८५ टक्के राज्याकडे राहतात. १५० जागांच्या महाविद्यालयात बाहेरच्यांसाठी २२-२३ जागा, आणि त्यातही आरक्षण. महाराष्ट्राच्या ८५ टक्क्यांसाठी अधिवासाबरोबर दहावी व बारावी महाराष्ट्रातून उत्तीर्ण होणे ही सर्वसाधारण अट आहे. काही सरकारी कर्मचाऱ्यांच्या पाल्यांना सवलती आहेत, त्या माहितीपुस्तिकेत शब्दशः वाचाव्यात. तमिळनाडूच्या ८५ टक्क्यांसाठी तेथील मूळ रहिवास किंवा शाळेची बरीच वर्षे तेथे झालेली असणे आवश्यक. अकरावीला तंजावरला आलेली, डॉक्टर होऊ इच्छिणारी मुलगी दोन्ही राज्यांच्या कोट्यांतून निसटू शकते आणि तिच्या वाट्याला देशभरातील ते १५ टक्केच उरतात. ज्या बदलीने भावाला तिरुचिरापल्लीत गृहराज्य मिळवून दिले, तीच बहिणीचे राज्य काढून घेते.

ही १५ टक्क्यांची तरतूदही न्यायालयामुळे आली. राज्यघटनेच्या १५व्या अनुच्छेदाने जन्मस्थानावरून भेदभावाला मनाई केली आहे. निवासाचा उल्लेख तेथे नाही. १९५५ साली इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाने मध्यभारताबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून जादा शुल्क घेण्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा याच भेदावर बोट ठेवून न्यायालयाने ते शुल्क वैध ठरवले. पुढे १९८४ च्या प्रदीप जैन निवाड्यात निवासावर आधारित जागांना मर्यादा असावी असे ठरले, आणि १९८६ साली पदवी स्तरावर एकूण जागांच्या १५ टक्के जागा देशभरासाठी राखण्याचे सूत्र निश्चित झाले. पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणात तर निवासावर आधारित आरक्षण घटनाबाह्य असल्याचा निर्णय जानेवारी २०२५ मध्ये झाला. पदवीचे ८५ टक्के मात्र कायम आहेत.

अमेरिकेतही राज्य विद्यापीठांची हीच ओढाताण आहे. नॉर्थ कॅरोलायनाने १९८६ साली बाहेरच्या विद्यार्थ्यांवर १८ टक्क्यांची मर्यादा घातली. तेथे परराज्यातल्याला शुल्कही कितीतरी अधिक पडते. आपल्याकडे एन.आय.टी.त दोन्ही याद्यांतील विद्यार्थ्यांचे शिक्षणशुल्क सारखेच असते, ही शैक्षणिक कर्जाचा हिशेब मांडणाऱ्या पालकांच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे.

राखीव प्रवर्गातील कर्मचाऱ्यांनी आणखी एक निवाडा ध्यानी ठेवावा. केंद्राच्या उपक्रमात नोकरीस असलेल्या, आंध्र प्रदेशातून मुंबईस आलेल्या एका कर्मचाऱ्याच्या मुलाने सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात अनुसूचित जमातीची जागा मागितली होती. १९९० साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने म्हटले की, एका राज्यातील अनुसूचित जमातीचा दर्जा स्थलांतराबरोबर दुसऱ्या राज्यात जात नाही. राज्याच्या कोट्यात म्हणूनच मूळ राज्याचा दाखला बहुधा उपयोगी पडत नाही. केंद्राच्या जागांसाठी तो चालतो.

ज्यांना या कोट्यांच्या जंजाळात शिरायचे नाही, त्यांच्यासाठी तंजावरजवळच तिरुवारूर येथे २००९ साली स्थापन झालेले तमिळनाडू केंद्रीय विद्यापीठ आहे. तेथे प्रवेश राष्ट्रीय परीक्षेतून होतो व अधिवासाचा प्रश्न येत नाही.

बदलीचा आदेश साधारणतः मार्च ते जूनच्या दरम्यान हाती पडतो आणि अकरावीचे प्रवेश त्याच्या मागोमाग सुरू होतात. त्या पंधरा-वीस दिवसांत पाल्याचा कल अभियांत्रिकीकडे आहे की वैद्यकाकडे, एवढे विचारून घेतले तर कुटुंबाने एकत्र जावे, की आईने अथवा आजी-आजोबांनी मुलासह दोन वर्षे महाराष्ट्रात थांबावे, याचा निर्णय नियमपुस्तिका पुढ्यात ठेवून करता येतो. बारावीच्या परीक्षेचा अर्ज एकदा गेला की पात्रता-राज्याचा तो रकाना भरल्यासारखाच असतो.