तलंग की कोंबडा? परसातील पिल्लांची पारख

परसातील कुक्कुटपालनाचा हिशेब वरवर पाहता सोपा वाटतो. खुडूक कोंबडीखाली दहाबारा अंडी बसवावीत, २१ दिवसांनी पिल्ले निघावीत आणि पाचसहा महिन्यांनी घरात अंडी येऊ लागावीत. परंतु निघालेल्या पिल्लांपैकी सरासरीने निम्मी नर असतात, आणि त्यांची वेळीच पारख न झाल्याने हा हिशेब पुष्कळदा चुकतो. नर गरजेपेक्षा अधिक काळ पोसले जाऊन दाणा वाया जातो, ही त्याची एक बाजू झाली. अधिक नुकसानीची बाजू निराळीच आहे. अंड्यावर येण्याच्या बेतात असलेल्या तलंगेचा तुरा लाल होऊ लागतो आणि ‘हा तर कोंबडाच निघाला’ अशा समजुतीने ती आठवड्याच्या बाजारात जाते. चारपाच महिने दाणापाणी घालून वाढविलेले पाखरू, उत्पन्न सुरू व्हावयाच्या नेमक्या वेळी, मांसाच्या भावाने विकले जाते. कुक्कुटपालन बहुतेक ठिकाणी घरातील स्त्रीच पाहते. हे नुकसानही तिच्याच गाठीच्या पैशाचे असते.

अंड्यावरून व एक दिवसाच्या पिल्लावरून

टोकदार अंड्यातून नर आणि वाटोळ्या अंड्यातून मादी निघते, अशी समजूत प्रचलित आहे. ती फार जुनी आहे. परंतु जुन्यांतही तिच्याबाबत एकमत नव्हते. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने लांबट, टोकदार अंड्यातून मादी निघते असे लिहिले, तर रोमन ग्रंथकार प्लिनी याने वाटोळ्या अंड्यातून मादी निघते असे नेमके उलट सांगितले. वस्तुतः अंड्याच्या आकाराचा लिंगाशी संबंध नाही. पक्ष्यांमध्ये नराची दोन्ही लिंग-गुणसूत्रे सारखी असतात आणि मादीची दोन वेगवेगळी. त्यामुळे पिल्लू नर होणार की मादी, हे कोंबडीकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते, कोंबड्याच्या नव्हे.

एक दिवसाच्या पिल्लाचे गुदद्वार हलकेच उघडून आतील सूक्ष्म उंचवट्यावरून नर-मादी ओळखण्याची पद्धत जपानमध्ये १९२० च्या दशकात विकसित झाली. मोठ्या उबवणी केंद्रांत तिचा उपयोग होतो, परंतु तिला दीर्घ प्रशिक्षण लागते आणि अननुभवी हातांनी पिल्लाला इजा होते. पंखांच्या पिसांच्या लांबीवरून पारख करण्याची युक्तीही आहे. मात्र ती त्यासाठी मुद्दाम जुळविलेल्या संकरातच लागू पडते. परसातील मिश्र पिल्लांना ती लावू नये. घरच्या पिल्लांच्या बाबतीत काही आठवडे थांबणे हाच मार्ग होय.

तुरा काय सांगतो

जर्मनीतील गॉटिंगेन येथे १८४९ मध्ये आर्नोल्ड बेर्टोल्ड या शास्त्रज्ञाने तरण्या कोंबड्यांची वृषणे काढून टाकली. त्यांचे तुरे खुरटले आणि बांग थांबली. ज्यांच्या पोटात वृषण पुन्हा बसविले, त्यांचे तुरे मात्र नेहमीसारखे वाढले. म्हणजे तुरा हे शरीरातील नर-द्रव्याचे मोजमाप आहे. एकेरी उभा तुरा असणाऱ्या जातींत चौथ्या आठवड्यापासून नराचा तुरा बुंध्याशी जाड व गुलाबी होऊ लागतो. सहाव्या ते आठव्या आठवड्यापर्यंत तो लाल होतो आणि चोचीखालच्या मांसल पाळ्याही लोंबू लागतात. त्याच वयाच्या तलंगेचा तुरा लहान, चपटा व पिवळसर फिकटच राहतो.

या वयात तुरा ही उपयुक्त खूण आहे, पण तिच्यात तीन अडचणी आहेत. पहिली जातीची. असील जातीत तुरा मुळातच आखूड व दाण्यासारखा असतो, त्यामुळे फरक उशिरा दिसतो. मध्य प्रदेशातील झाबुआ भागातून आलेल्या कडकनाथात तुराही काळपट असल्याने लाली शोधून उपयोग नाही. तेथे केवळ आकार पाहावा. दुसरी अडचण पोषणाची. जंतांनी वा उपासमारीने खंगलेल्या नराचा तुरा फिकट व लहान राहतो आणि तो मादीत मोजला जातो. तिसरी अडचण वर सांगितलीच आहे. अंड्यावर येण्याच्या सुमारास तलंगेचाही तुरा वाढतो व लाल होतो. सुधारित जातींत ही वेळ साधारणपणे सोळाव्या आठवड्यानंतर येते, देशी कोंबडीत आणखी उशिरा. म्हणून आठव्या आठवड्यातील लाल तुरा आणि अठराव्या आठवड्यातील लाल तुरा यांचा अर्थ एक नव्हे.

पिसांची साक्ष

पिसांचे कारण वेगळे आहे. मादीला मादीची पिसे देणारे द्रव्य तिच्या अंडाशयात तयार होते. ते नसेल तर पिसारा नरासारखाच येतो. वृषणे काढलेल्या कोंबड्याचा तुरा खुरटला तरी त्याची पिसे कोंबड्याचीच राहतात, ती यामुळेच. म्हणून वय वाढल्यावर तुऱ्यापेक्षा पिसांची साक्ष अधिक भरवशाची ठरते.

दहाव्या ते चौदाव्या आठवड्याच्या दरम्यान पाठीच्या शेवटी, शेपटीच्या बुडाशी पाहावे. नराला तेथे लांब, अरुंद, टोकदार व चकाकणारी पिसे फुटतात आणि ती दोन्ही बाजूंना ओघळतात. मादीची त्याच जागेची पिसे आखूड व गोल टोकाची असतात. मानेच्या पिसांतही असाच फरक दिसतो, परंतु उघड्या मानेच्या जातीत मानेवर पिसेच नसतात, तेव्हा पाठ पाहणे हेच बरे. एक पीस बोटांत धरून त्याचे टोक उजेडात पाहिले, की शाळकरी मुलालाही फरक कळतो. तपकिरी रंगाच्या देशी पिल्लांत नराची छाती काळवंडते व पंखांवर तांबडा पट्टा येतो. एकरंगी जातींत मात्र रंगाचा आधार फारसा मिळत नाही.

बांग ही लोकप्रिय खूण असली तरी पहिली घोगरी बांग कोणी आठव्या आठवड्यात देतो, कोणी चौथ्या महिन्यात. दबून राहणारा नर तर पुष्कळ दिवस गप्पच असतो. उलट क्वचित एखादी कोंबडीही बांग देते. तिला अपशकुनी मानून मारण्याचे कारण नाही. रोगाने वा वयाने अंडाशय निकामी झाले की असा बदल होऊ शकतो.

गटवाटप व घरची नोंद

पशुसंवर्धनाच्या योजनांतून आठ ते दहा आठवडे वयाच्या २५ माद्या व ३ नर असा गट देण्याची पद्धत राज्यात रूढ झाली. हे वय पारखीच्या दृष्टीने अवघड आहे, कारण तुरा बोलू लागलेला असतो, पण पिसांची साक्ष पुरती आलेली नसते. वाटपाच्या वेळी उपस्थित असणाऱ्या ग्रामपंचायत सदस्यांनी व कर्मचाऱ्यांनी एकेका पक्ष्याकडे सुटे पाहू नये. एकाच जातीचे व वयाचे सर्व पक्षी शेजारी ठेवून तुलना करावी. जाड पाय, मोठा तुरा व ताठ उभे राहणे या तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्यास तो नर समजावा. संशयित पक्ष्याच्या पायात रंगीत दोरा सैल बांधून चार आठवड्यांनी पुन्हा पाहावे. मानमोडीची लस टोचताना प्रत्येक पक्षी हातात येतोच, त्याच वेळी ही नोंद सहज होते.

पारख झाल्यावर आठदहा माद्यांमागे एक चांगला नर पैदाशीसाठी ठेवून बाकीचे वजन भरताच विकावेत. अंड्यावरील कोंबड्यांचे खाद्य तलंगांना आधीपासून घालू नये. त्यातील चुन्याचे प्रमाण वाढत्या पाखरांच्या गरजेच्या तिप्पट-चौपट असते आणि त्याने मूत्रपिंडे बिघडतात. आणि बाजारात नेण्यासाठी लाल तुऱ्याचे पाखरू डालग्यात घालण्यापूर्वी त्याच्या पाठीची पिसे पाहावीत. ती गोल टोकाची असतील, तर गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंची टोकदार हाडे चाचपावीत. त्यांत दोन बोटांचे अंतर पडले असेल, तर ते पाखरू खुराड्यात परत सोडून जवळ गवत घातलेली टोपली ठेवावी.