पाण्याच्या वाटेने सायकल : नाशिक परिसरातील सहलमार्गांचा एक अभ्यास

(द्वितीय वर्ष कला, भूगोल)

सायकल-सहल म्हटली की आपण नकाशा उघडतो आणि नकाशात रस्ते शोधतो. प्रस्तुत लेखात रस्त्यांऐवजी पाण्यापासून सुरुवात केली आहे. त्याचे कारण असे, की सायकलस्वाराचे खरे भांडण अंतराशी नसून चढाशी असते. दहा किलोमीटरची सपाटी गप्पा मारता मारता संपते, आणि एक किलोमीटरचा घाट खाली उतरून सायकल ढकलायला लावतो. जमीन कुठे किती कलते हे पाण्याइतके अचूक कोणालाच ठाऊक नसते. म्हणून पाणी ज्या वाटेने गेले ती वाट आपण आधी पाहावी.

नाशिकला या अभ्यासासाठी लांब जावे लागत नाही. पश्चिमेला त्र्यंबक-अंजनेरीची रांग, तिथून शहरात येणारी गोदावरी (आमच्याकडची जुनी माणसे तिला गंगाच म्हणतात), वाटेत गंगापूरचे धरण, धरणातून काढलेले पाट, उत्तरेला रामशेज-बोरगडचे डोंगर आणि पूर्वेला निफाडची काळी सपाटी. एवढे सगळे एका दिवसाच्या सायकलीच्या टप्प्यात आहे.

यांपैकी पाटाची वाट सर्वांत कमी ठाऊक आहे, म्हणून तिच्याविषयी जरा विस्ताराने लिहिते. गंगापूरचे मातीचे धरण १९६५ मध्ये पूर्ण झाले. त्याचा डावा कालवा नदीच्या उत्तरेच्या अंगाने मखमलाबाद, म्हसरूळ, आडगाव या शिवारांतून पूर्वेकडे जातो. पाटाला पाणी वाहून न्यायचे असते, पण ते धावू द्यायचे नसते. उतार जास्त झाला तर पाणी काठ खाते, आणि कमी झाला तर गाळ बसतो. म्हणून पाट खोदताना कित्येक हजार फूट लांबीमागे एखादा फूट एवढाच उतार ठेवतात. डोंगराची सोंड आली की पाट तिला वळसा घालतो, ओहोळ आला की पूल बांधून त्यावरून जातो. मात्र चढत कधीच नाही. पाटाच्या कडेने देखरेखीसाठी जी मातीची वाट ठेवलेली असते तीही अर्थात त्याच उताराची. अशा वाटेवर सायकल चालवताना आपण उतरणीवर आहोत हे पायांना कळतसुद्धा नाही, आणि परत येताना चढ लागला असेही वाटत नाही. भूगोलाच्या पुस्तकात समोच्चरेषा तपकिरी शाईने काढलेली असते. आमच्या शिवारात ती पाण्याने काढलेली आहे.

माझे आजोबा या पाटावर रोजंदारीने पाटकरी होते. चाऱ्यांची दारे उघडणे, बंद करणे, रात्री कोणी पाणी फोडले तर पाहून येणे, हे त्यांचे काम. त्यांची काळी, दांडीची, मागे मोठे कॅरिअर असलेली सायकल आमच्या घरात अजून आहे. दांडीवरून पाय टाकण्याइतकी उंची नसल्यामुळे मी दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारत त्याच सायकलीवर शिकले. आजोबांना अक्षरओळख नव्हती, परंतु पाटाचे पाणी सोडल्यापासून कोणत्या चारीला किती वेळाने पोचते हे ते तासाच्या हिशोबात सांगत. त्यांना उताराचे गणित ठाऊक होते असेच मी म्हणेन. आम्ही त्यास आता वर्गात 'ग्रेडियंट' म्हणतो, इतकेच.

पाण्याच्या दिशेने, म्हणजे पूर्वेकडे जाताना, सायकलीवरून एक गोष्ट सहज दिसते. उजव्या हाताला, नदीच्या बाजूला, द्राक्षाचे मांडव, भाजीपाला, ऊस. डाव्या हाताला, डोंगराच्या बाजूला, बाजरी, कुळीथ आणि गवताळ माळ. पाणी चढत नसल्यामुळे पाटाच्या खालची जमीन बागायत झाली आणि वरची जिरायत राहिली. पुढे विहिरी, बोअर आणि उपसा यांमुळे ही रेघ बरीच पुसट झाली, वरही मांडव उभे राहिले. पण जिथे ती दिसते तिथे फारच स्पष्ट दिसते. आमचे दीड एकर पाटाच्या वरच्या अंगाला आहे. एकाच गावात कोणाची मुले आधी शिकली आणि कोणाच्या घरातून पहिली मुलगी आत्ता महाविद्यालयात आली, याचा शोध कोणी घेतलाच तर त्याने गावातल्या आळ्यांपेक्षा पाटाची वरची आणि खालची बाजू आधी पाहावी, असे मला वाटते.

ही वाट केवळ सहलीची नाही. आमच्या गावातून आम्ही तिघी जणी शिकायला येतो, आणि बऱ्याच अंतरापर्यंत पाटकाठानेच येतो. हमरस्त्यावरून ट्रक आणि कंटेनर जातात, तिथे सायकल घालायला घरून परवानगी नाही. पाटाची वाट आहे म्हणून एस.टी. चुकली तरी तास चुकत नाही. वाट नसती तर आमच्यापैकी निदान एकीचे नाव बारावीनंतर कमी झाले असते, हे मी अंदाजाने नव्हे, तर घरातली बोलणी ऐकून लिहिते.

फ्रान्समध्ये 'कनाल द्यू मिदी' नावाचा सुमारे २४० किलोमीटरचा कालवा आहे. तो सतराव्या शतकात, १६८१ पर्यंत तयार झाला. तो नौकांसाठी होता. नौका काठावरून घोडे ओढत नेत. घोडे गेले, आणि त्यांच्या वाटेवरून आज देशोदेशीचे सायकलस्वार जातात. मूळ कामासाठी तिची गरज संपली, तरी वाट लोकांकडे राहिली. आपल्याकडे असे होईलच असे नाही. नाशिकरोडला जेलरोड भागात 'कॅनॉल रोड' आहे. नावावरून पाट पाहायला गेलेल्या माणसाला तिथे वस्ती आणि मोटारींची रहदारी भेटते. उघड्या चाऱ्यांऐवजी बंद नळांतून पाणी देण्याकडे राज्यात आता कल आहे, आणि पाण्याची नासाडी टाळण्यासाठी ते योग्यही आहे. पण पाट झाकला गेला की मोकळ्या पट्टीवर पहिला हक्क मोटारीचा, हे गृहीत का धरायचे ? जमीन सरकारची आहे, सपाट आहे, गावांना जोडणारी आहे. दोन सायकली शेजारी जाऊ शकतील एवढी रुंदी तिथे आधीच आहे.

असो. आता इतर वाटांकडे वळू.

नदीच्या उगमाकडे जाणारी वाट सर्वांच्या परिचयाची आहे. गंगापूर रस्त्याने राघोबादादांच्या आठवणीची आनंदवल्ली, पुढे सोमेश्वर व तिथला धबधबा, मग गंगापूर गाव आणि धरणाची भिंत. त्र्यंबकेश्वर शहरापासून सुमारे २८ किलोमीटर असून शहरापेक्षा शंभर-सव्वाशे मीटर उंच आहे. चढ इतका पसरलेला आहे, की डोळ्यांना रस्ता सपाटच वाटतो आणि पाय मात्र कुरकुरतात. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा असतो, म्हणजे जाताना चढ आणि वारा दोन्ही अंगावर. येताना दोन्ही पाठीशी. नवख्यांनी याचा धसका घेऊ नये, कारण दमलेल्या माणसाला परतीची वाट सोपी मिळणे हे चांगलेच. २०१५ साली दोघांच्या संघाने 'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही समुद्र ते समुद्र शर्यत पूर्ण करणारे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन हे बंधू नाशिकचेच. शहरात पहाटे दिसणाऱ्या हेल्मेटधारी सायकलस्वारांची संख्या वाढली त्यात अशा पराक्रमांचा वाटा आहे. मात्र त्याच पहाटे दुधाच्या किटल्या लावून येणाऱ्या सायकलीही मोजाव्यात.

नदीच्या प्रवाहाबरोबर गेल्यास चांदोरी, सायखेडा करीत सुमारे चाळीस किलोमीटरवर नांदूरमधमेश्वर लागते. विसाव्या शतकाच्या आरंभी गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ येथे बंधारा बांधला आणि त्यावरून दोन्ही तीरांचे कालवे कोपरगावाकडे नेले. बंधाऱ्यामागे गाळ साचला, उथळ पाणथळ तयार झाली, आणि त्यात पक्षी आले. १९८६ मध्ये ते अभयारण्य झाले, व २०२० मध्ये राज्यातील पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. इंजिनियरला जो गाळ नको असतो तोच चमचा, चित्रबलाक आणि थापट्या बदकांना हवा असतो ! हिवाळ्यात चापडगावच्या बाजूने पहाटे पोचावे. निफाडची थंडी प्रसिद्ध आहे; हातमोजे विसरू नयेत.

राहिले रान. पाट पेठ रस्त्याला भेटतो तिथे उत्तरेकडे वळले की चढ तत्काळ कळतो. या रस्त्याने आशेवाडी व रामशेज. संभाजी महाराजांच्या काळात मोगलांना अनेक वर्षे झुंजवणारा हाच किल्ला. शेजारच्या बोरगडचे रान २००८ मध्ये राज्यातील पहिले संवर्धन राखीव क्षेत्र झाले. माथ्यावर हवाई दलाचे ठाणे असल्याने तिकडे जाऊ नये. पायथ्याची वाट पुरेशी आहे. त्र्यंबक रस्त्यावरच्या अंजनेरीचे रान वेगळे. तिथल्या कंदीलपुष्पाची 'सिरोपेजिया अंजनेरिका' ही जात २००६ साली शास्त्रज्ञांनी नव्याने नोंदवली. फूल पाहावे, तोडू नये. सायकल पायथ्याच्या गावात ठेवून चालत जावे हे बरे, कारण चाकाखाली काय येते ते वरून दिसत नाही.

पाटकाठी बाभळी आहेत, तेव्हा सोल्युशन, ठिगळ आणि हवेचा पंप जवळ असावा. आवर्तन चालू असताना काठ ओला व निसरडा असतो. येत्या जानेवारीत भूगोल मंडळाच्या वतीने मखमलाबाद ते आडगाव ही पाटाची वाट सायकलीवरून मोजण्याचे आम्ही ठरवत आहोत. वाट कुठे तुटली आहे, कुठे पूल अरुंद आहे आणि शाळकरी मुले कुठून कुठे जातात, हे नकाशावर मांडून तो नकाशा जलसंपदा विभागाकडे द्यायचा विचार आहे. ज्यांच्याकडे सायकल आहे, मग ती कसलीही असो, त्यांनी विभागात नावे द्यावीत. ज्यांच्याकडे नाही त्यांच्यासाठी आजोबांच्या सायकलीचे कॅरिअर मजबूत आहे.