जपान आणि माळवा : व्यापाराचे व संस्कृतीचे नाते

दोन देशांच्या संबंधांचा विचार करताना आपण बहुधा आयात-निर्यातीचे आकडे पाहून थांबतो. परंतु मालाबरोबर कधी माणसे, कसब आणि विचारही जातात, तर कधी नुसता मालच जातो. हा फरक कशामुळे पडतो, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. भंवरकुआंच्या चौकातून रोज ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याला जपान फार दूरचा वाटेल. पण महू आणि पिथमपूर ही नावे घेतली की ते अंतर पुष्कळ कमी होते.

१. कापसाचा धागा

गेल्या शतकाच्या आधी जपानने सूतगिरण्या उभारल्या, पण त्यांना लागणारा कापूस त्यांच्या भूमीत पुरेसा पिकत नव्हता. तो हिंदुस्थानात होता. मात्र मुंबईहून पूर्वेकडे जाणारी जहाजवाहतूक ‘पी. अँड ओ.’ व तिच्या सहकारी कंपन्यांच्या हाती असल्याने भाडे भारी पडे. तेव्हा जमशेदजी टाटा आणि जपानची ‘निप्पॉन यूसेन काइशा’ एकत्र आले व १८९३ साली मुंबई-कोबे ही जहाजसेवा सुरू झाली. जुन्या कंपन्यांनी भाडे एकदम उतरवून स्पर्धा केली, तरी जपानी मार्ग टिकला. पुढे हिंदी कापसाचे जपान हे मोठे गिऱ्हाईक झाले.

या व्यवहारात एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. आपण कच्चा माल पाठवीत होतो आणि त्याचेच कापड होऊन परत येत होते. जपानी कापड स्वस्त पडू लागल्यावर १९३३ साली येथील सरकारने ब्रिटिशेतर सुती कापडावरील जकात ७५ टक्क्यांपर्यंत नेली. जपानी गिरणीवाल्यांनी उत्तरादाखल हिंदी कापसावर बहिष्कार घातला. त्याचा फटका कोणाला? शेतकऱ्याला! अखेर १९३४ च्या करारात कापडाची आयात आणि कापसाची खरेदी यांची सांगड घालावी लागली : जपानने १५ लाख गाठी घेतल्या, तर त्याला ४० कोटी वार कापड पाठविता येईल.

इंदूर हेही कापसाचे व गिरण्यांचे शहर. १९२४ साली येथे कापसाच्या संशोधनासाठी संस्था निघाली. आल्बर्ट हॉवर्ड यांची ‘इंदूर पद्धती’ म्हणून जगभर गाजलेली खत करण्याची रीत तेथलीच. पण कापड गिरण्यांचे युग ओसरले. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली आणि तिच्या कामगारांना आपल्या हक्काच्या रकमेसाठी २०२३ पर्यंत वाट पाहावी लागली. बाजार हलला की प्रथम हात रिकामे होतात ते राबणाऱ्याचे, हे येथे वेगळे सांगावयास नको.

२. यंत्राचा धागा

दुसरा टप्पा पिथमपूरचा. पुण्याच्या फिरोदिया घराण्याची ‘कायनेटिक’ आणि जपानची ‘होंडा’ यांची भागीदारी १९८४ साली झाली आणि गिअर नसलेली, बटण दाबताच चालू होणारी स्कूटर पिथमपुरात बनू लागली. ‘आयशर’ने ‘मित्सुबिशी’च्या साहाय्याने १९८६ पासून तेथेच हलके ट्रक काढले. १९९८ साली ‘होंडा’ने भागीदारी सोडली. तरीही बसविलेले यंत्र आणि शिकलेला कारागीर येथेच राहिला. त्याच वर्षी ‘ब्रिजस्टोन’ने जवळच खेडा येथे टायरचे उत्पादन सुरू केले. कापसाच्या व्यापारात गाठी गेल्या व पैसे आले; येथे कसब आले. हा फरक फार महत्त्वाचा आहे.

३. विचाराचा धागा

१९१७-१८ च्या सुमारास चित्रकार आराई काम्पो यांनी अजिंठ्यास राहून भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. दुर्दैवाने १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत टोकियोत त्या नष्ट झाल्या. पण नाते नष्ट झाले नाही. महू ही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची जन्मभूमी. त्यांचा पुतळा २०१५ साली जपानमधील कोयासान विद्यापीठात उभा राहिला. बुद्धविचार येथून पूर्वेकडे गेला होता. या निमित्ताने महूच्या सुपुत्राचे नाव त्याच दिशेने गेले.

४. तुलनेसाठी कॅनडा

केवळ व्यापार माणसांचे रक्षण करीत नाही, याचे उदाहरण कॅनडात मिळते. मांझो नागानो हे १८७७ साली तेथे गेलेले पहिले जपानी स्थलांतरित मानले जातात. पुढे पश्चिम किनाऱ्यावर जपानी कोळ्यांची व शेतकऱ्यांची वस्ती वाढली. परंतु १९४२ साली, युद्धाच्या काळात, सुमारे २२ हजार जणांना किनाऱ्यावरून हलविण्यात आले व त्यांच्या नावा, घरे विकून टाकली. त्यांतील बहुतेक कॅनडाचेच नागरिक होते! १९४९ पर्यंत त्यांना किनाऱ्यावर परतता आले नाही. १९८८ साली सरकारने माफी मागून हयात असलेल्यांना प्रत्येकी २१ हजार डॉलर दिले. आज कॅनडाचा कोळसा व तेलबिया जपानला जातात. व्हँकूव्हरला नितोबे यांच्या स्मरणार्थ जपानी उद्यानही आहे. पण झालेली हानी भरून यावयास दोन पिढ्या लागल्या.

५. तात्पर्य

माल बाजारभावावर चालतो आणि जकातीने थांबतो. शिकलेले कसब मात्र मागे राहते आणि परस्परांची ओळख कठीण काळात उपयोगी पडते. म्हणून विद्यार्थी मित्रहो, पिथमपूरच्या कारखान्यात नोकरी मिळविणे हे ध्येय चांगलेच. पण त्या यंत्रामागची भाषा आणि शिस्तही शिकावी. नुसते गिऱ्हाईक होण्यापेक्षा जाणकार होणे केव्हाही हिताचे.

अभ्यासासाठी प्रश्न

१) १९३४ च्या करारात कापूस व कापड यांची सांगड का घालावी लागली?
२) कापसाचा व्यापार आणि पिथमपूरची भागीदारी यांत कोणता फरक दिसतो?
३) व्यापार वाढला म्हणजे स्नेह वाढतोच काय? कॅनडाच्या उदाहरणावरून चर्चा करा.