भूमीची क्षमा

पौष अमावास्येस इंद्रवेल्लीजवळील केसलापूर येथे नागोबाची यात्रा भरते. मेसराम कुळातील गोंड मंडळी पायी जाऊन गोदावरीचे जल आणतात आणि कुळातील स्त्रिया मातीचे वारूळ रचतात. वारूळ हे नागाचे घर, असे आपण म्हणतो. वस्तुतः ते बांधते वाळवी, नाग मागाहून राहावयास येतो. वाळवी खालच्या थरातील माती कणाकणाने वर आणते. गांडुळे, मुळे आणि डोळ्यांस न दिसणारे जीव हेच काम जमिनीच्या पोटात अहोरात्र करीत असतात. तरीही बोटाच्या पेराएवढा मातीचा थर तयार होण्यास कित्येक शतके लागतात, आणि तो वाहून जाण्यास काही पावसाळे पुरतात.

आदिलाबादची काळी जमीन कापसासाठी नावाजलेली आहे. उन्हाळ्यात ती भेगाळते. पावसात फुगते, भेगा मिटतात आणि मग पाणी आत न मुरता वरून धावू लागते. कापसाचे तास दूर दूर असतात. रोप चार पानांचे असताना, नेमक्या मृग-आर्द्राच्या सरींत, जमीन उघडी असते. पैनगंगेला त्या दिवसांत जे गढूळ पाणी लोटते, त्यात आपलीच शेते असतात.

सकाळी उठताच भूमीला पाय लावण्यापूर्वी तिची क्षमा मागावी, असे आपणां सर्वांस वडिलांनी शिकविले आहे. आमच्या घरीही ती मागितली जाते. पण क्षमा मागून झाल्यावर आम्ही काय करीत आलो? आमच्या वरच्या पट्टीची लांबी उताराच्या दिशेने आहे. बैल कमी वेळा वळवावे लागतात म्हणून वर्षानुवर्षे आम्ही वरून खाली सरळ तास काढले. प्रत्येक तास ही पाण्याची नाली झाली. आज तेथे मुरूम उघडा पडला आहे व कापूस गुडघ्यापलीकडे वाढत नाही. रासायनिक खत वाढवून पाहिले. तेही पहिल्या मोठ्या पावसाबरोबर नाल्यात गेले.

ही केवळ आमच्या घरची गोष्ट नव्हे. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ हे वर्ष मृदावर्ष म्हणून पाळले, आणि ५ डिसेंबर हा जागतिक मृदादिन ठरला आहे. मनुष्याच्या अन्नापैकी सुमारे ९५ टक्के अन्न मातीवर अवलंबून आहे, असे त्यांची अन्न व कृषी संघटना सांगते.

उपाय जुनेच आहेत. उताराला आडवी पेरणी करावी, धुऱ्यावर गवत राखावे, कापसात तुरीच्या ओळी घ्याव्यात. तुरीचा पाला गळून जमिनीचेच अन्न होते. पऱ्हाटी मात्र पुष्कळ जण बोंडअळीच्या भयाने जाळतात. भय खोटे नाही. पण पऱ्हाटीची कुट्टी करून ती शेणाबरोबर खड्ड्यात कुजविली, तर अळीचाही बंदोबस्त होतो आणि खतही हाती येते. श्रम अधिक पडतात, हे आम्ही नाकारीत नाही.

गेल्या वर्षी त्या पट्टीत आम्ही प्रथमच आडवे तास काढले आणि खालचा धुरा उंच केला. बैल वळवून वळवून गडी कुरकुरला. श्रावण सरता सरता पाहिले, तो धुऱ्याशी वीतभर गाळ अडलेला होता. टोपल्यांनी तो पुन्हा वर नेऊन मुरमावर पसरला. थोडा घरी आणला. मुलांनी पोळ्याचे बैल त्याचेच केले.