हिशेब तपासणाऱ्याचे हिशेब कोण तपासणार?

'ऑडिट' हा शब्द आपल्या कानावर पडतो तो साधारण मार्चच्या सुमाराला. ऑफिसमधले सर वैतागलेले असतात, लॅबच्या डेड स्टॉकची यादी निघते, आणि कधीकाळी जळून गेलेला ऑसिलोस्कोप रजिस्टरमध्ये मात्र ठणठणीत जिवंत सापडतो! आपण म्हणतो, हे कॉमर्सवाल्यांचं काम, आपला काय संबंध? मीही असंच म्हणायचे. पण एका सेमिस्टरच्या सुट्टीत अमेरिकेतल्या राज्यकारभारावर काहीबाही वाचत होते, तेव्हा एक गंमत कळली. तिथल्या बऱ्याच राज्यांत सरकारी हिशेब तपासणारा अधिकारी चक्क निवडणूक लढवून खुर्चीवर बसतो. गव्हर्नरसारखाच. पोस्टर, भाषणं, पक्षाचं तिकीट, सगळं साग्रसंगीत. 'मी तुमच्या पैशाचा हिशेब नीट ठेवीन, मला मत द्या!'

आपल्याकडे असं नाही. शाळेत सिव्हिक्सच्या पुस्तकात 'कॅग' ही अक्षरं पाठ केली होती. त्याला मराठीत 'नियंत्रक व महालेखापरीक्षक' असं भारदस्त नाव आहे हे मला इथे हॉस्टेलच्या रीडिंग रूममध्ये पेपर वाचताना कळलं. घटनेच्या कलम १४८ प्रमाणे त्याची नेमणूक राष्ट्रपती करतात, आणि त्याला काढायचं तर सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशाला काढण्याइतकी अवघड पद्धत आहे. निवृत्तीनंतर त्याला केंद्राची किंवा राज्याची दुसरी नोकरीही घेता येत नाही. म्हणजे पुढच्या खुर्चीच्या आशेने आज कोणाला सांभाळून घ्यायचा मोह नको, हा विचार.

मग निवडून आलेला ऑडिटर चांगला की नेमलेला? माझं पहिलं उत्तर होतं, अर्थात निवडून आलेला! तो गव्हर्नरचा मिंधा नसतो, थेट जनतेला उत्तर देतो. लोकशाही म्हणजे हेच ना? मग मी ऑर्व्हिल हॉजची गोष्ट वाचली.

हा हॉज इलिनॉय राज्यातल्या ग्रॅनाइट सिटीचा. मिसिसिपी नदीकाठचं हे स्टीलच्या कारखान्यांचं गाव. आधी तो राज्याच्या विधानसभेत होता, आणि १९५२ साली 'ऑडिटर ऑफ पब्लिक अकाउंट्स' म्हणून निवडून आला. माणूस हसतमुख, मोकळ्या हाताने खर्च करणारा, चारचौघांत उठून दिसणारा. पुढेमागे हा गव्हर्नर होणार असं लोक बोलायला लागले होते. पगार वर्षाला १६,००० डॉलर. आणि थाट? गाड्यांचा ताफा, विमानं, फ्लोरिडात घर! आता हिशेब तपासणाऱ्याच्याच घरखर्चाचा ताळा लागत नाही हे कोणाच्या लक्षात कसं आलं नाही, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल. मलाही पडला.

उत्तर त्या पदाच्या रचनेत आहे, आणि इथे आपण इंजिनीअर लोकांनी जरा लक्ष देऊन वाचावं.

इलिनॉयमध्ये राज्याच्या तिजोरीतून पैसे बाहेर काढायचे तर 'वॉरंट' लागायचं. हे अटकेचं वॉरंट नव्हे हं! हा सरकारी चेकसारखा कागद, अमक्याला इतके पैसे द्या असा हुकूम. हा कागद काढायचं काम ऑडिटरच्या ऑफिसचं. बिल योग्य आहे का हे पैसे निघण्याआधी बघायचं तेही त्याच ऑफिसने. वर त्याच ऑडिटरकडे राज्याच्या परवान्यावर चालणाऱ्या बँकांची देखरेखसुद्धा होती. म्हणजे कागद काढणारा तोच, तपासणारा तोच, आणि कागद वटवणाऱ्या बँकेचा साहेबही तोच. पैसे गेल्यानंतर ते खरंच कुठे गेले हे बाहेरून येऊन तपासणारं स्वतंत्र खातं राज्यात नव्हतं.

कंट्रोल सिस्टीम्सच्या पेपरात आपण फीडबॅक लूप काढतो. टाकीतली पातळी मोजणारा सेन्सर व्हॉल्व्हपासून वेगळा असतो. समजा, व्हॉल्व्हनेच स्वतः सांगायचं ठरवलं की 'पातळी बरोबर आहे, काळजी नसावी', तर टाकी वाहून जाईपर्यंत पॅनलवरचा दिवा हिरवाच राहील. इलिनॉयचा दिवा असाच साडेतीन वर्षं हिरवा होता. मेसचंच घ्या ना. सेक्रेटरी आपण मतं देऊन निवडतो, पण भाजी आणणारा, बिल पास करणारा आणि महिनाअखेर वही तपासणारा एकच असेल तर तो कितीही मतांनी आला काय, वहीत जे असेल तेच आपण खाल्लं असं मानायचं!

हॉजची युक्ती फार हुशारीची नव्हती, हे मला जास्त खटकलं. खऱ्याखुऱ्या माणसांच्या आणि कंपन्यांच्या नावाने खोटी वॉरंट काढायची आणि शिकागोतल्या साउथमूर बँकेत वटवायची. ज्यांची नावं त्यांना पत्ताच नाही. शिकागो डेली न्यूजचा बातमीदार जॉर्ज थीम या प्रकरणाच्या मागे लागला. ज्यांच्या नावावर पैसे निघाले होते त्यांना विचारलं गेलं, तेव्हा ती मंडळी म्हणाली, आम्हाला एक डॉलर मिळालेला नाही. झालं! आपण प्रॅक्टिकलला रीडिंग पुन्हा घेऊन बघतो त्यातलाच हा प्रकार. इतकी साधी तपासणी, पण ती करण्याचा अधिकार ज्याच्याकडे होता तोच चोर होता, म्हणून ती एका वर्तमानपत्राला करावी लागली.

जुलै १९५६ मध्ये हॉजने राजीनामा दिला, नंतर गुन्हा कबूल केला. शिक्षा झाली १२ ते १५ वर्षांची. १९६३ मध्ये तो पॅरोलवर सुटला. त्याच्याबरोबर आणखी काही जण दोषी ठरले. डेली न्यूजला १९५७ चं पुलित्झर मिळालं, त्याच्या मानपत्रात अफरातफरीचा आकडा २५ लाख डॉलर दिलाय.

आणि मतदार? त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये, म्हणजे भांडं फुटायच्या जेमतेम तीन महिने आधी, त्याच्या पक्षाच्या मतदारांनी त्याला त्याच पदासाठी पुन्हा उमेदवारी दिली होती! मी त्यांना दोष देत नाही. मतपत्रिकेवर खालच्या बाजूला असलेल्या नावाबद्दल माणसाला कितीशी माहिती असणार? हसरा फोटो दिसतो, वॉरंट दिसत नाही.

हॉजच्या जागी गव्हर्नर स्ट्रॅटन यांनी लॉइड मोरी यांना बसवलं. हे इलिनॉय विद्यापीठाचे निवृत्त अध्यक्ष, मूळचे हिशेबातलेच. (प्राध्यापक मंडळींनी हे वाचून खूश व्हायला हरकत नाही.) मग १९५७ साली पैसे गेल्यानंतरची तपासणी करणारं वेगळं खातं निघालं. पुढे १९७० च्या राज्यघटनेने जुनं पदच मोडून दोन केली. पैसे देण्याचे आदेश काढणारा कंट्रोलर लोक निवडून देतात. खर्च तपासणारा ऑडिटर जनरल कायदेमंडळ नेमतं, दोन्ही सभागृहांत तीन पंचमांश मतं लागतात आणि मुदत दहा वर्षांची. म्हणजे एकट्या सत्ताधारी पक्षाला आपला माणूस घुसवणं कठीण, आणि एकदा बसला की दोन-तीन निवडणुका आरामात पाहणार.

पण म्हणून 'नेमलेला तो चांगला' असं लिहून दोन मार्क मिळवता येणार नाहीत. याच इलिनॉयमधल्या डिक्सन नावाच्या छोट्या गावात रिटा क्रंडवेल ही नगरपालिकेची हिशेबनीस होती. नेमलेली, निवडून आलेली नव्हे. १९९० मध्ये तिने गावाच्या नावाशी मिळतंजुळतं एक गुप्त खातं उघडलं आणि दोन दशकांत ५ कोटी ३० लाख डॉलरहून जास्त पैसे त्यात वळवून जातिवंत घोडे पाळले. २०११ मध्ये ती रजेवर असताना सहकारी बाईने बँकेची स्टेटमेंट मागवली, तेव्हा ते खातं दिसलं. इथेही बिलं, बँक, वही सगळं एकाच हातात होतं. ती रजेवर गेली नसती तर?

निवडून येण्याचा फायदा मला दिसला तो दुसरीकडे, मॅसॅच्युसेट्समध्ये. तिथली ऑडिटर डायना डिझोग्लिओ २०२२ ची निवडणूक जिंकून आली आणि म्हणाली, मी कायदेमंडळाचेही हिशेब तपासणार. कायदेमंडळाने नियुक्त केलेला माणूस हे म्हणायला धजला असता का, शंका आहे! नेत्यांनी नकार दिला, अधिकारविभाजनाचा मुद्दा काढला. मग नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रश्न थेट मतपत्रिकेवर गेला आणि सुमारे ७२ टक्के मतदारांनी 'तपासा' असं सांगितलं. तरीही कायदेमंडळाने दप्तर काही लगेच उघडून दिलं नाही.