मालवणला जाताय? पैसे कुणाच्या हातात देताय ते बघा

आलापल्लीहून समुद्र बघायला निघालेल्या माणसाचा निम्मा पैसा आणि निम्मी ताकद वाटेतच संपते. आष्टीपर्यंतच्या रस्त्याचं लोहखनिजाच्या ट्रकांनी काय केलं आहे, ते इकडच्या कुणाला सांगायला नको. तिथून चंद्रपूर, मग नागपूर, आणि नागपूरहून मडगावची गाडी मिळाली तर दुसऱ्या दिवशी दुपारी कुडाळ. पुढे मालवण तीसेक किलोमीटर. एवढं करून पोहोचलेल्या माणसाला तिथं कुणी नाडलं तर तो फार भांडत नाही, कारण भांडून जाणार कुठं? तिथल्या काही लोकांना हे पक्कं माहीत असतं. मला ते देवबागेत एका घराच्या खळ्यात बॅगा घेऊन उभी असताना कळलं.

आमच्या नातेवाइकांत अजून म्हणतात की हिनं स्वस्तातलं बघितलं म्हणून असं झालं. स्वस्त बघणं हा काही गुन्हा नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या पगारात दोन कुटुंबं समुद्रावर न्यायची तर माणूस हिशेब करणारच. आणि मी विचारलं नव्हतं असंही नाही. खोली कुठं आहे, समुद्र किती लांब, स्कूबा कोण करवणार, किती वेळ, वरून काही द्यावं लागेल का, सगळं विचारलं होतं. माझ्या भाच्याला दमा आहे, पंप जवळ ठेवावा लागतो, हेही फोनवर सांगितलं होतं. त्यावर खोलीवाल्याचा आवाजी संदेश आला: "काय नाय होत मॅडम, सगळेच करतात." तो संदेश मी अजून जपून ठेवला आहे.

ठरलं होतं ते असं. माणशी एकच रक्कम. त्यात 'बीच टच' खोली, दोन वेळचं जेवण, स्कूबा, डॉल्फिन दाखवायची फेरी आणि सुनामी बेट. निम्मे पैसे आधी पाठवायचे, उरलेले पोहोचल्यावर लगेच. हे 'पोहोचल्यावर लगेच' नीट लक्षात ठेवा, पुढं त्याचंच सगळं रामायण आहे.

देवबाग म्हणजे एका बाजूला अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी, यांच्यामधली वाळूची चिंचोळी पट्टी. तिथं कुठलंही घर पाण्यापासून लांब नाही, त्यामुळे 'बीच टच' म्हणायला कुणालाही काही अडचण येत नाही. आमच्या खोल्या खाडीच्या बाजूला निघाल्या, त्याही त्याच्या घरात नाही, शेजारच्याच्या घरामागं नव्यानं बांधलेल्या. पत्र्याचं छप्पर, खिडकीसमोर दुसऱ्या घराची भिंत. मी म्हटलं, फोटोतली खोली ही नव्हे. तो खळ्यात खुर्ची टाकून बसला होता, उठलाही नाही. हसत म्हणाला, "तुमी एवढ्या लांबसून इलात, आता असेच परत जातलात काय?"

ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. त्यात धमकी नव्हती, तो चिडलाही नव्हता. त्यानं फक्त हिशेब मांडला होता. आम्ही किती लांबून आलो, परतीची तिकिटं कोणत्या तारखेची आहेत, बरोबर म्हातारी आई आहे, पोरं दमलेली आहेत, हे सगळं त्याला ठाऊक होतं, कारण मीच फोनवर विश्वासानं सांगितलं होतं. पुण्या-कोल्हापूरचं गिऱ्हाईक गाडी वळवून दुसरं घर शोधतं, पुढच्या वर्षी परत येतं, चार लोकांना सांगतं. आमचं तसं काही होणार नाही हे त्यानं आधीच ओळखलं होतं. उरलेले पैसे त्यानं त्याच खळ्यात मोजून घेतले आणि मगच किल्ल्या दिल्या.

म्हणून पहिली गोष्ट सांगते. सगळा मुक्काम एका माणसाच्या हातात देऊ नका. खोलीवाल्याला खोलीचे पैसे, जेवणाचे ज्याच्याकडे जेवाल त्याला, स्कूबाचे स्कूबावाल्याला. पॅकेजमध्ये जे वाचतं असं वाटतं ते खोलीवाल्याचं कमिशन असतं. आणि ज्याचा पाण्याशी काहीच संबंध नाही तो पाण्याबद्दलच्या प्रत्येक प्रश्नाला 'हो' म्हणतो, कारण त्या 'हो'ची जबाबदारी त्याच्यावर येत नाही. खोलीचा व्हिडिओ मागवा, फोटो नको. दारातून सुरू करून समुद्रापर्यंत चालत जाताना काढलेला व्हिडिओ मागा. खरा माणूस दोन मिनिटांत पाठवतो. आमच्यासारख्या लांबच्या माणसानं पहिली रात्र मालवण शहरातच काढावी, सकाळी रिक्षानं तारकर्ली-देवबागला जाऊन खोली डोळ्यांनी बघावी आणि मग ठरवावी. तारकर्ली मालवणहून सहा-सात किलोमीटरवर आहे. परतीची तारीख मात्र कुणालाही सांगू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोटीवर नेलं. तिथं कळलं की व्हिडिओचे पैसे वेगळे आणि ते सगळ्यांनी द्यायचेच. एक कागद फिरवला, त्यावर 'आमच्या जबाबदारीवर' असं लिहिलेलं, खाली सह्या. आजाराबद्दल एक ओळ नाही. पण बोटीवरचा जो पोरगा पाण्यात उतरवणार होता त्याचं मी नाव काढते. विशीतला असेल. त्यानं भाच्याच्या खिशातला पंप बघितला आणि सरळ म्हणाला, "ह्याला नाय उतरवणार. खाली काय झाला तर मी काय करू?" भाचा रडवेला झाला, म्हणाला, "आत्या, तू सांग ना त्यांना." मी सांगितलं नाही. तो पोरगा बरोबर होता. कमरेला शिशाचे वजनाचे ठोकळे बांधत बांधतच त्यानं मला दोन वाक्यांत सगळं समजावलं: फुप्फुसात हवा अडकली आणि माणूस वर आला तर ती हवा आत फुगते.

त्याचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. 10 मीटर खाली गेलं की पाण्याचा दाब पृष्ठभागावरच्या दाबाच्या दुप्पट होतो, आणि वर येताना हवा तितकीच पसरते. म्हणून पाण्याखाली श्वास कधीच रोखून धरायचा नाही. दमा, हृदयविकार, फिट्स, कानाची शस्त्रक्रिया, गरोदरपण असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय उतरू नये. साधी सर्दी असली तरी त्या दिवशी नको, कारण नाक दाबून कानात हवा ढकलता आली नाही तर कानाचा पडदा दुखावतो. दहा वर्षांखालच्या मुलांना उतरवू नका, कुणी कितीही 'चालतं' म्हटलं तरी. पोहता येत नसलं तर मात्र अडत नाही. पहिल्यांदा उतरणाऱ्याला प्रशिक्षक पूर्ण वेळ धरून असतो. आणि विमानानं परतणार असाल, चिपी असो की गोवा, तर डायव्हिंगनंतर निदान 12 तास जाऊ द्या, एकापेक्षा जास्त वेळा उतरला असाल तर 18.

भाच्याच्या स्कूबाचे पैसे परत मागितले तर खोलीवाला म्हणाला, "तुमचा पोरगा गेला नाय, त्यात माझी काय चूक?" मी आवाजी संदेश ऐकवला. त्यानं तो ऐकला आणि आत निघून गेला. चूक कुणाची हे इथं वेगळं सांगायची गरज मला वाटत नाही.

'अर्धा तास स्कूबा' म्हणजे काय तेही ऐका. तो अर्धा तास रबरी सूट अंगात घालायला लागल्यापासून धरतात. भाऊ पाण्याखाली होता तो दहा मिनिटं असेल नसेल. मी बोटीत घड्याळ बघत बसले होते. व्हिडिओ पुरता झाला की वर. म्हणून विचारताना 'पाण्याखाली किती मिनिटं' असंच विचारा, आणि उत्तर लिहून घ्या.

ज्याचा मला पैशांपेक्षा जास्त राग आहे ते आता सांगते. पाण्याखालचा व्हिडिओ रात्री फोनवर बघितला. त्यात भावाच्या हातात प्लास्टिकची बाटली दिली आहे, झाकणाला भोक पाडलेलं, आत भिजवलेला पाव. बाटली दाबली की पावाचा ढग उठतो आणि पट्ट्यापट्ट्यांचे मासे तोंडावर येऊन आदळतात. दुसऱ्या तुकड्यात त्याचे पाय खडकावर टेकलेले आहेत, आणि त्या खडकावर प्रवाळ आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा हा भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्याच पंगतीत, संरक्षण आहे. आमच्या गावाशेजारी 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' हे सागवानाचं जुनं जंगल आहे, 2014 साली त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. तिथल्या झाडाला कुणी हात लावला तर आमची पोरंसुद्धा बोलतात. ताडोब्यात कुणी हरणाला बिस्किट टाकलं तर लोक त्याला फैलावर घेतात. मग समुद्रात तेच केलं की मौज कशी होते? बोटीत बसण्याआधीच सांगा: पाव नको, बिस्किट नको, खडकावर उभं करायचं नाही. मासे नाही आले जवळ तरी चालेल.

आता खर्चाचं. रेल्वेचं आरक्षण हल्ली 60 दिवस आधी खुलतं. दिवाळीत जायचं तर त्याच सकाळी काढा. नागपूर-मडगाव गाडी आठवड्यातून दोनदाच आणि विशेष म्हणून धावते, तेव्हा ती पुढं चालू ठेवली आहे का ते बघूनच बाकीचं ठरवा. एसटीत बायकांना अर्ध तिकीट आहे आणि 75 वर्षांवरच्यांना तिकीटच नाही. आमच्यात बायका जास्त, त्यामुळे कुडाळहून एसटीनंच गेलो ते बरं झालं. जेवणात सुरमई-पापलेट मागितलं की ताट महागतं. बांगड्याचं ताट घ्या, चवीला कुठं कमी नाही. सकाळी घावणे.

हंगामाचं मात्र नीट ऐका, कारण इथं विदर्भातले लोक हमखास फसतात. आपल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी सुरू होतात, म्हणून 'जूनच्या पहिल्या आठवड्यात जाऊन येऊ, गर्दी नसेल' असं आपण ठरवतो. तिकडं मेच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत किल्ल्याची होडी, स्कूबा, सगळं बंद असतं. खोलीवाला हे आपणहून सांगणार नाही. मेमध्येही वारा वाढतो, पाणी गढूळ होतं. पाण्याखालचं नीट दिसायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. 2022 च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटक गेले, हे विसरू नका. बोटीला मेरीटाइम बोर्डाचा परवाना आहे का, किती माणसं बसवायची परवानगी आहे, हे विचारा. लाइफ जॅकेटचे पट्टे स्वतः ओढून बघा. मासे मारणारे लोक परत फिरत असतील तर तुम्हीही जाऊ नका, पैसे गेले तरी. हवामानामुळे समुद्र बंद राहिला तर पैसे परत मिळणार का, हे बुकिंगच्या वेळीच लिहून घ्या.

दर परवडत असेल तर तारकर्लीत पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, तिथं चौकशी करा. किनाऱ्यावरच्यापेक्षा महाग पडेल, पण कोण उतरवतंय हे तरी कळतं. आमच्याकडच्या तेलुगू जाणणाऱ्या शेजाऱ्यांचं म्हणणं, मालवणला मरायला कशाला जायचं, सिरोंचावरून विशाखापट्टणम जवळ. अंतराच्या बाबतीत ते खरंच आहे. पण मला शिवाजी महाराजांनी समुद्रात बांधलेला किल्ला बघायचा होता, तो बघितला, आणि त्याबद्दल मला जराही पस्तावा नाही.

फसलात तर गप्प बसू नका. पावत्या, चॅट, यूपीआयचे व्यवहार ठेवा. फोन बदलताना आवाजी संदेश आधी दुसरीकडे उतरवून घ्या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915. त्यानंही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्यानं तक्रारदार जिथं राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, म्हणजे सिंधुदुर्गाला खेपा घालायच्या नाहीत, आपल्याला गडचिरोली चालतं. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही, ऑनलाइन दाखल करता येते, मुदत दोन वर्षांची. माझी तक्रार तयार आहे. भाच्याच्या स्कूबाचे पैसे, खोलीतला फरक आणि सक्तीनं घेतलेले व्हिडिओचे पैसे, तिन्ही वेगवेगळे मांडले आहेत. नातेवाईक म्हणतात, एवढ्याशा रकमेसाठी कशाला? त्या माणसानंही हाच हिशेब केला होता, म्हणूनच मी ती दाखल करणार आहे.