तीन मॉड्यूल, चार अमिनो आम्लं

भाची : मावशी, जिवाणू नवं अँटिबायोटिक बनवतो का, हे त्याला बशीत वाढवूनच कळतं ना? मग जीनोमची फाइल कॉम्प्युटरला देऊन काय मिळतं?

मावशी : बशीत तो जे बनवतो तेवढंच दिसतं. स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलर घे. इंग्लंडमधल्या नॉर्विचला डेव्हिड हॉपवूड यांनी त्याच्या जनुकांचा अनेक वर्षं अभ्यास केला. त्याचं निळं अ‍ॅक्टिनोऱ्होडिन, लाल प्रोडिजिओसिन अशी मोजकीच रसायनं ठाऊक होती. २००२ मध्ये त्याचा जीनोम प्रसिद्ध झाला. डीएनएची सुमारे ८७ लाख अक्षरं, आणि त्यांत अशी रसायनं घडवू शकतील असे २०हून जास्त जनुकसमूह! इतक्या ओळखीच्या जिवाणूची ही गत. मी आजही थक्क होते.

भाची : पण एवढ्या अक्षरांतून समूह शोधायचा कसा?

मावशी : जिवाणूत एखादं रसायन बनवणारी जनुकं बहुधा लागून असतात. सांगाडा जोडणारी, त्यात फेरफार करणारी, माल पेशीबाहेर काढणारी, सगळी शेजारी. २०११ मध्ये आलेलं अँटीस्मॅश हे सॉफ्टवेअर याचाच फायदा घेतं. विशिष्ट प्रकारचे एन्झाइम-भाग जवळजवळ सापडले की ते आजूबाजूचा पट्टा समूह म्हणून आखून देतं. मग तो पट्टा ‘मिबिग’ या संग्रहातल्या माहीत असलेल्या समूहांशी ताडून पाहतं.

भाची : म्हणजे अक्षराला अक्षर जुळवतं?

मावशी : नाही, तसं केलं तर दूरचे नातेवाईक सुटतील. एका घराण्यातली अनेक प्रथिनं समोर ठेवून कुठल्या जागी कोणतं अमिनो आम्ल किती संभवतं, याचा सांख्यिकी नमुना आधी बनवलेला असतो. त्याला हिडन मार्कोव्ह मॉडेल म्हणतात. नवं प्रथिन त्यात किती बसतं, ते मोजायचं.

भाची : आणि रसायन कसं दिसेल, तेही सांगतं?

मावशी : अंदाज सांगतं. काही पेप्टाइडं रायबोसोमवर, म्हणजे पेशीच्या नेहमीच्या प्रथिन-यंत्रावर, बनतच नाहीत. एक अवाढव्य एन्झाइम अमिनो आम्लं एकेक करून जोडतं. त्याचे मॉड्यूल असतात, साधारणपणे एका मॉड्यूलमागे एक आम्ल. आम्ल निवडणाऱ्या भागातल्या मोजक्या जागा पाहिल्या की कोणतं आम्ल उचललं जाईल, ते बऱ्यापैकी ताडता येतं. अँटीस्मॅश यायच्या कितीतरी आधी, २००० मध्ये, ग्रेगरी चॅलिस आणि जाक राव्हेल यांनी सीलिकलरच्या अशाच एका एन्झाइमवरून भाकीत केलं होतं : तीन मॉड्यूल, म्हणून तीन आम्लांचं, लोह पकडणारं रसायन.

भाची : मिळालं?

मावशी : मिळालं, २००५ मध्ये. लोह कमी असलेल्या माध्यमात जिवाणू वाढवला, त्या एन्झाइमचं जनुक मोडलेला जिवाणू शेजारी वाढवला, आणि एकात असलेलं पण दुसऱ्यात नसलेलं रसायन वेगळं काढलं. सीलिकेलिन. लोह ते पकडतं, पण त्यात आम्लं चार निघाली! कुठलं तरी मॉड्यूल दोनदा वापरलं जातं. जनुकांच्या क्रमावरून हे कोणालाच दिसलं नसतं. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगते, पडद्यावरची रचना म्हणजे प्रयोगाची दिशा. रसायन हातात येईपर्यंत तिला शोध म्हणू नका.

भाची : पूर्णपणे अनोळखी समूह असेल तर?

मावशी : नियमांवर चालणारं साधन तिथे अडतं. डीपबीजीसीसारखी मशीन लर्निंगची साधनं जाळं मोठं टाकतात, पण मग खोटे इशारेही वाढतात. बिग-स्केप हे साधन शेकडो जीनोममधल्या समूहांची घराणी लावतं. कुठलंच ओळखीचं रसायन नसलेलं घराणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

भाची : मग कुठलाही जीनोम आणून टाकला की झालं?

मावशी : तो तुकड्यातुकड्यांत नसावा. या एन्झाइमांत सारखेच भाग पुन्हा पुन्हा येतात, त्यामुळे छोट्या तुकड्यांवरून जोडलेला जीनोम नेमका तिथेच तुटतो. अर्धा समूह एका तुकड्याच्या काठावर, अर्धा दुसरीकडे, आणि मोजणीत एकाचे दोन! समूह तुकड्याच्या काठाला लागला असेल तर अँटीस्मॅश तशी सूचना देतं. ती आधी वाच, आकडा नंतर.